पाच हजारांच्या आतला जीपीएस सायकल कॉम्प्युटर: रोजच्या फेरीला ठीक, पण २०० च्या बीआरएमला पुरेल का?

पायथा_ते_माथा
हायब्रिड सायकल, टायर ७०० x ३२. रोज वारजे ते हिंजवडी जाणं-येणं आहे आणि पावसाळा सरला की २०० ची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची २०० किमीची सायकल राईड) करायचा विचार आहे. आयजीपीस्पोर्टचा बीएससी१०० एस डोक्यात आहे. बॅटरी पुरेल का? वेगळा स्पीड सेन्सर घ्यावाच लागतो का? आणि यात नकाशा नाही, तर रस्ता चुकायची भीती किती? फोन हँडलला लावायचा नाही, उन्हात तापून त्याची स्क्रीन मंद होते.

तिरका_हब
बॅटरीची काळजी सोडा. कंपनी ४० तास सांगते, बॅकलाइट सतत चालू ठेवला तर तेवढे मिळणार नाहीत. पण २०० ची मुदतच साडेतेरा तासांची. खरा प्रश्न ६०० ला येतो, तिथे मुदत ४० तास.

सेन्सर मात्र घ्याच. चाकाच्या मधल्या हबला रबराने अडकवायचा, बिनचुंबकाचा. आत बहुधा सीआर२०३२ बटण सेल असतो. नुसत्या जीपीएसवर कात्रजच्या नव्या बोगद्यात सिग्नल जातो, आणि झाडीतल्या घाटात वळणं कापली जाऊन अंतर कमी भरतं. शिवाय चढावर ताशी ५-६ च्या वेगाने रखडत असताना ऑटो-पॉज (थांबल्यावर मोजणी आपोआप थांबवणारी सोय) मध्येच लागतो. आकडा चाकावरून आला की हे तिन्ही त्रास जातात.

चाकाचा घेर तक्त्यात २१५५ मिमी दिसेल, तो तसाच टाकू नका. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा. सायकलवर बसून सरळ रेषेत चाकाचे तीन फेरे जा (धरायला कुणीतरी हवं), पुन्हा खूण करा आणि अंतराला तीनने भागा. घेरात १० मिमी चुकलं तर २०० किमीत ९०० मीटरच्या वर फरक पडतो.

जोडणी फोनच्या ब्लूटूथ यादीतून करू नका. फोनने सेन्सर धरून ठेवला की कॉम्प्युटरला तो सापडतच नाही. कॉम्प्युटरच्या मेनूतून, चाक फिरवून सेन्सर जागा करून जोडा. अँट प्लस (सेन्सर जोडायची ब्लूटूथसारखी दुसरी बिनतारी पद्धत) असेल तर तेच निवडा. आणि हे घरी उरका. स्टार्टच्या गर्दीत शेजाऱ्याचा सेन्सर जोडला जातो.

घाटात_ग्रॅनी_गिअर
नकाशाबद्दल: रस्ता चुकायला नको असेल तर थोडे जास्त घालून बीएससी२०० घ्या. त्यातही नकाशा नाही, पण फाईल टाकली की मार्गाची रेघ दिसते. एक गोम आहे. जाण्यायेण्याचा रस्ता तोच असेल, तर असं यंत्र कधीकधी परतीची रेघ पकडतं आणि उलटं वळायला सांगतं. म्हणून यू-टर्नच्या कंट्रोलवर (हजेरी नोंदवायच्या थांब्यावर) फाईल कापून दोन भाग करायचे.

१०० एस वरच राहायचं तर क्यू-शीट छापून टॉप ट्यूबला चिकटवा: वळण, त्याचं किमी, ओळखीची खूण. वर घेराबद्दल लिहिलंय ते इथेच कामी येतं. शीटवर ८७.४ किमीला डावीकडे वळायचं असेल आणि तुमचा आकडा अर्धा किमी मागे, तर फाटा मागे पडलेला असेल.

स्क्रीनवर सरासरीपेक्षा घड्याळ आणि एकूण वेळ ठेवा. ऑटो-पॉजमुळे सरासरी २२ दिसते आणि माणूस चहाच्या टपरीवर निवांत बसतो. बीआरएमचं घड्याळ थांबत नाही: १०० किमीचा कंट्रोल ६ तास ४० मिनिटांनी बंद.

पायथा_ते_माथा
आभार दोघांचेही. मित्राच्या यंत्रावर पाहिलं, पार्किंगमधून निघताना सॅटेलाइट मिळायला पाच-सात मिनिटं लागतात. आणि पुढे कधी ६०० केली तर चालू राईडमध्ये चार्जिंग होतं का?

तिरका_हब
डोक्यावर स्लॅब असताना मिळणारच नाहीत. आधी अ‍ॅपशी सिंक करा, मग उघड्यावर एका जागी ठेवा. एकेका उपग्रहाचा डेटा उतरायला अर्धं मिनिट लागतं, त्यात खंड पडला की ते पुन्हा पहिल्यापासून. सिग्नल लॉक होईपर्यंत पेडल मारू नका.

चार्जिंगचं घरी तपासा. काही यंत्रं केबल लागताच राईड संपवून फाईल दाखवायच्या मोडमध्ये जातात. तसं झालं तर डेटाच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबल वापरून बघा. दुसरं, यंत्र करंट इतका कमी ओढतं की पॉवरबँक 'काही जोडलेलंच नाही' समजून बंद होते. इअरबड्स चार्ज करायचा कमी करंटचा मोड असलेली पॉवरबँक घ्या. पावसात मात्र यूएसबीचं रबरी झाकण उघडायचंच नाही.

घाटात_ग्रॅनी_गिअर
पावसाचा विषय निघालाच आहे तर: बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर) असेल तर त्याचं बारीक छिद्र असतं, बहुधा मागच्या बाजूला. त्यात पाणी किंवा घामाचं मीठ अडकलं की घाट चढतानाही उंची गोठून राहते. साध्या पाण्याने धुऊन झटका, टाचणी घालू नका. आणि माउंटला दोरी बांधाच. खड्ड्यात क्वार्टर-टर्नचं (पाव फेरा फिरवून बसवायच्या खाचेचं) प्लॅस्टिकचं कान तुटतं, ते सुटं मिळेलच असं नाही.