पिकअप सुरू होते आणि बंद पडते, कुणाला काही अंदाज?

ए-१०३: नमस्कार मंडळी. रॅम्पवर उभी आहे ती पिकअप माझीच. सेल्फ मारला की सुरू होते, थोडी चालते, बंद. परत सेल्फ, परत तेच. जुनी डिझेल गाडी आहे, मेकॅनिकल रोटरी डिझेल पंपवाली. काय असेल?

सेक्रेटरी: आधी रॅम्प मोकळा करा, मग चर्चा करा 🙏

बी-४०१: बॅटरी गेली. दुसरं काही नाही.

सी-२०२ ताई: बॅटरी गेली असती तर सेल्फ फिरला असता का दादा? आणि असल्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर करंट लागतो तो पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडपुरता, म्हणजे करंट गेला की डिझेल बंद करणाऱ्या झडपेपुरता.

ए-३०४: पंप काढून कॅलिब्रेशनला द्या. माझ्या भावाने दिला होता, गाडी लोण्यासारखी चालते.

डी-१०१ आजोबा: पंपाला कुणीही हात लावू नका. सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात आधी उघडायची, ही हौस वर्कशॉपमध्ये मी जन्मभर पाहिली. ए-१०३, मला एवढंच सांगा. चावी सोडल्याबरोबर बंद पडते की जरा चालून? आणि पडते तेव्हा खटकन पडते की रडत रडत?

ए-१०३: आजोबा, १०-१५ सेकंद नीट चालते. मग आचके देते, थोडा पांढरा धूर, आणि बसते. रेस दिली तर आणखी लवकर.

डी-१०१ आजोबा: मग वायरिंगचा नाद सोडा. सोलेनॉइडचा करंट तुटला तर इंजिन आचके देत बसत नाही, जागच्या जागी थांबतं. हे उपाशी मरतंय. फिल्टरमध्ये आणि पंपात उरलेलं डिझेल संपेपर्यंत चालतं, मागून यायच्या जागी हवा येते. रेस दिली की उरलेलं लवकर संपतं, म्हणून लवकर पडतं.

सी-२०२ ताई: तरी सोलेनॉइड एकदा बघूनच घ्या. चावी ऑन करून त्याची वायर काढायची आणि परत टेकवायची, ‘टक्’ आवाज आला पाहिजे. सेल्फ मारताना करंट येतो आणि चावी सोडली की जातो, असं असेल तर दोष इग्निशन स्विचमध्ये. पण तेव्हा गाडी चावी सोडताक्षणी बंद पडते.

ए-१०३: टक् आला ताई.

बी-४०१: स्टार्टिंग स्प्रे मारून बघा, हवेच्या पाइपात.

डी-१०१ आजोबा: अजिबात नको! हीटर प्लगवाल्या (सुरू करताना आत तापणाऱ्या प्लगच्या) इंजिनात स्प्रेतला ईथर मारला तर आतल्या आत स्फोट होतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात. आणि ही गाडी सुरू तर होतेच आहे, सुरू करायला स्प्रे कशाला? सेल्फसुद्धा सलग १० सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थंड होऊ द्या. फिल्टरच्या डोक्यावर हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा पंप, आहे ना? तो दाबा. पोकळ जातो की कडक?

ए-१०३: अगदी पोकळ. बरेच दाब दिल्यावर कडक झाला. आता सुरू केली तर पहिल्यापेक्षा जास्त वेळ चालली, पण शेवटी बंदच.

डी-१०१ आजोबा: एअर घेतेय. ठरलं.

ए-१०३: पण कुठे? गाडीखाली डिझेलचा एक थेंब नाही.

डी-१०१ आजोबा: तिथेच सगळे फसतात. टाकीपासून तुमच्या पंपापर्यंतची लाइन ओढ घेणारी आहे, तिच्यात दाब नाही. चीर असली तर इंजिन चालताना डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. इंजिन बंद झालं की त्याच चिरेतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. आता सांगा, रॅम्पवर नाक वर करून उभी आहे ना?

ए-१०३: हो! आणि गेल्या आठवड्यात खाली सपाटीवर होती तेव्हा बरी सुरू व्हायची.

डी-१०१ आजोबा: इंजिन वर, टाकी खाली. डिझेल उतरणारच. सेक्रेटरींचं ऐका, चार जणांनी ढकलून खाली घ्या. टाकीत डिझेल किती?

ए-१०३: पावच्या खाली.

डी-१०१ आजोबा: म्हणजे ओढ आणखी लांबून. थोडं टाका. टाकीचं झाकण सैल करूनही एकदा चालवून बघा. हवा घ्यायचं भोक बुजलं असेल तर सैल केल्यावर गाडी चालते. तसं असेल असं वाटत नाही, भोक बुजलं तर बंद पडायला जास्त वेळ लागतो. पण बघायला काही लागत नाही.

बी-२०३: आमची जुनी पेट्रोल कारही असंच करते. तिलाही हेच लागू?

सी-२०२ ताई: नाही हो, तिचं वेगळं. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर टाकीतला पंप साधारण २ सेकंद गुणगुणतो. त्या दाबावर सुरू होऊन लगेच बंद, तर पंपाचा रिले (त्याला करंट देणारा स्विच) बघा. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून ठेवल्यावर चालत राहिली, तर इंजिनात हवा सोडणाऱ्या आयडल व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटल बॉडीत कार्बन. आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) चावी पटत नाहीये. वेगळं लिहा, बोलू. इथे पिकअप चालू दे.

ए-१०३: झाकण सैल करून फरक नाही. गाडी खाली घेतली.

सेक्रेटरी: धन्यवाद.

डी-१०१ आजोबा: आता फिल्टरच्या इन आणि आउट दोन्ही बाजूंना पारदर्शक पाइपाचा वीतभर तुकडा लावा. इनलाच बुडबुडे दिसले तर दोष फिल्टरच्या मागे, टाकीकडे. इन स्वच्छ आणि आउटला बुडबुडे, तर फिल्टरची सील किंवा प्रायमर. फिल्टर हल्ली बदललाय का? जुनी रबरी रिंग डोक्याला चिकटून राहते आणि वर नवी बसवतात, मग अशीच हवा घेते.

ए-१०३: बदललाय, पण रिंग एकच आहे, उघडून पाहिली. बुडबुडे इनलाच. भरपूर.

ए-३०४: मग पंप नाही म्हणता?

डी-१०१ आजोबा: लगेच कळेल. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच ठेवा, त्यातून पाइप थेट पंपाच्या इनला, रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा पाइपही कॅनमध्येच. एअर काढून चालू करा. चालत राहिली तर पंप निर्दोष.

ए-१०३: चालतेय!! रेस देऊनही बसत नाही. पंप काढला असता तर 😅

डी-१०१ आजोबा: आता खाली झोपा. चॅसिसला जिथे लोखंडी नळी संपून रबर सुरू होतं, तो जोड वाकवून बघा.

ए-१०३: क्लॅम्पच्या खालीच चिरलाय. नुसता बघून कळलं नसतं, वाकवल्यावर तोंड उघडलं.

डी-१०१ आजोबा: नवा घेताना डिझेलचाच पाइप मागा. पाण्याचा डिझेलने आतून फुगतो, मग त्याची सालं फिल्टरमध्ये जातात. क्लॅम्पही नवे, गोल पकडणारे.

ए-१०३: माप काय सांगू?

डी-१०१ आजोबा: जुना तुकडाच घेऊन जा. आणि दुसऱ्या टोकाचं रबरही याच वयाचं आहे, तेही आजच बदला.