रक्त थांबलं म्हणून गोळ्या थांबवू नका

ताई, तुम्ही विचारलंत की १५ वर्षांच्या लेकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याचं जुनाट दुखणं) आहे, शौचातून रक्त पडणं थांबलंय, तर औषधं बंद करायची का. अजिबात नको. लक्षणं आधी जातात, आतड्याची सूज मागाहून उतरते. मेसालामाइनची, म्हणजे आतड्याची सूज उतरवणारी गोळी कुटून देऊ नका. वरचं आवरण गेलं की औषध मोठ्या आतड्यापर्यंत नीट पोचत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड डॉक्टरांनी लिहून दिलंय तसंच टप्प्याटप्प्याने कमी करायचं. त्याने चेहरा सुजला, मुरुमं आली की या वयातली पोरं गुपचूप गोळी फेकून देतात, आणि ती एकदम बंद झाली तर उलट्या होतात, रक्तदाब पडतो. त्याला शांतपणे बसवून हे सांगा, रागावू नका.

अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणू नका, त्याने आतड्याचं दुखणं पुन्हा उसळू शकतं. पॅरासिटामॉल चालतं.

मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा ४५ ला टेकतो, त्यात जुलाब म्हणजे पोरगं लवकर गळून जातं. ओआरएसचं २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात घाला. अंदाजाने पेल्यात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. २४ तासांनी उरलेलं फेका. दुखणं उसळलं असताना तर्री, ठेचा, हरभरा बाजूला. मऊ भात, तुरीचं वरण, अंडं द्या. एरवी ज्वारीची भाकर बंद करू नका, उगाच पथ्यांनी उंची खुंटते. दर ३ महिन्यांनी उंची-वजन वहीत लिहा.

वर्गशिक्षकांना आधीच भेटून त्याला न विचारता शौचाला जायची मुभा मागा.

दिवसात ६ किंवा जास्त रक्ताचे जुलाब, ताप किंवा पोट फुगणं दिसलं, तर त्याच दिवशी नागपूर नाहीतर सेवाग्रामचं मोठं रुग्णालय गाठा.