ओपन चॅम्पियनशिप सुरू झाली ती जागा बघायचीय, दोन दिवसांत कुठे कुठे जावं?

भटकभवानी:
सप्टेंबरमध्ये आईबाबा आमच्याकडे ग्लासगोला येतायत. बाबांना गोल्फचं प्रचंड वेड, ओपन असली की टीव्हीसमोरून हलत नाहीत. ती स्पर्धा सुरू कशी झाली ते त्यांना प्रत्यक्ष दाखवायचंय. जो तो सेंट अँड्र्यूज, ते गोल्फसाठी प्रसिद्ध गावच सांगतोय. बाबांचा गुडघा दुखतो, फार चालणं नको. कुणी जाऊन आलंय का?

रानवारा:
आधी प्रेस्टविक गाव! सेंट अँड्र्यूजला ओपन पहिल्यांदा झाली १८७३ मध्ये, त्याआधीच्या बाराच्या बारा प्रेस्टविकलाच झाल्यात. झालं असं की तेव्हाचा सगळ्यात भारी खेळाडू अ‍ॅलन रॉबर्टसन १८५९ मध्ये वारला, मग आता नंबर एक कोण हे ठरवायला प्रेस्टविकच्या क्लबने १७ ऑक्टोबर १८६० ला आठ प्रोफेशनल्सना खेळवलं, कोर्स होता बारा होलचा, त्याच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात, आणि बक्षीस काय तर लाल चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा, रोख एक पैसाही नाही. कोर्स आखणारा ओल्ड टॉम मॉरिस तिथेच नोकरीला होता, तरी जिंकला मसलबरा गावचा विली पार्क, १७४ फटके विरुद्ध १७६ (कमी फटके तो जिंकतो). पहिला टी (पहिला फटका मारायची जागा) होता तिथे आता दगडी स्मारक आहे. ग्लासगो सेंट्रलहून एअरची ट्रेन पकडा, स्टेशन कोर्सला अगदी लागूनच आहे, गुडघ्याला त्रास नाही.

चहाबाज:
प्रेस्टविकला +१. बाबांना तिथेच यंग टॉमची गोष्ट सांगा. ओल्ड टॉमचा मुलगा, १८६८ ला सतराव्या वर्षी जिंकला, मग ६९, मग ७०. १८७० ला तर ५७८ यार्डांचा पहिला होल तीन फटक्यांत! त्या काळच्या काठ्या आणि चेंडू घेऊन, विचार करा. सलग तीनदा जिंकेल त्याला पट्टा कायमचा असा नियम होता, त्यामुळे पट्टा गेला त्याच्या घरी आणि १८७१ ला द्यायला बक्षीसच नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही. मग तीन क्लबांनी दहा-दहा पौंड काढून क्लॅरेट जग नावाचा चषक करवून घेतला, ७२ ला परत हाच जिंकला पण चषक तयार नव्हता, मेडलवर भागवलं. चषकावर पहिलं नाव मात्र त्याचंच आहे.

भटकभवानी:
हे काहीच माहीत नव्हतं, खूप खूप थँक्यू! मग सेंट अँड्र्यूज सोडूनच देऊ का?

रानवारा:
नाही नाही, दुसरा दिवस तिकडेच द्या, फक्त ओल्ड कोर्सवरच (तिथलं प्रसिद्ध गोल्फ मैदान) वेळ घालवू नका. कॅथेड्रलच्या दफनभूमीत यंग टॉमचं स्मारक आहे, ते चुकवू नका. १८७५ च्या सप्टेंबरमध्ये बाळंतपणात बायको आणि बाळ दोघंही गेली आणि त्याच नाताळच्या दिवशी हाही गेला, फक्त २४ वर्षांचा. बाप १९०८ पर्यंत जगला, तोही तिथेच आहे. मला तिथून लवकर निघवलं नव्हतं. गावात रेल्वे स्टेशन नाही, ल्यूकर्सला उतरून बस घ्यावी लागते. शक्यतो रविवार धरा, एरवी त्या दिवशी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि लोकांना फिरायला मोकळा असतो, बाबांना झेपेल तेवढं चालू दे.