भाकरीलाही इन्सुलिन लागतंच

ताई, टाइप 1 मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह) असलेला तुमचा मुलगा चौदाचा झाला, वर्षभरात इन्सुलिन बरंच वाढलं, म्हणून सासूबाई म्हणतात 'भात बंद, नुसती भाकरी द्या', असं तुम्ही लिहिलंय. डोस वाढला यात तुमचं काही चुकलेलं नाही. वयात येताना वाढीच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, पहाटे तर साखर जास्तच चढते. माझ्या लेकीचंही तेराव्या वर्षी हेच झालं. फार रडले होते मी तेव्हा.

भाकरी चांगलीच. पण ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर ज्यांची साखर होते ती) असतात, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 35. टाइप 1 मध्ये त्यालाही इन्सुलिन लागतंच, ते कधीच बंद करायचं नाही. मी महिनाभर पीठ काट्यावर तोललं, आता हाताला अंदाज आलाय. शेंगाचटणीत कर्बोदकं कमी, पण तेल-शेंगदाण्यामुळे साखर उशिरा चढू शकते. हुरडाही मोजूनच द्या.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फिरून फिरून लेकीची रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली गेली होती. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, 15 मिनिटांनी पुन्हा तपासली. तेव्हापासून साखरेची पुडी दप्तरात असतेच.

साखर, जेवण आणि डोसची वही लिहा, ती डॉक्टरांना दाखवूनच डोस बदला. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात इन्सुलिनचं पेन गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका.