मधुमेह आणि जास्तीचं वजन : दोनदाच जेवा, हे सगळ्यांना सांगावं का?

कृष्णाकाठ
चार वर्षांपूर्वी टाइप २ मधुमेह निघाला तेव्हा माझं वजन ८४ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. 'दर दोन तासांनी थोडं थोडं खा' असं ज्याने त्याने सांगितलं आणि मी ते मनापासून पाळलं. अकराला मारी बिस्किटं, चारला चुरमुरे, झोपताना कपभर दूध. तीन वर्षांत वजन ८७ झालं आणि एका गोळीच्या तीन झाल्या.

गेल्या जूनपासून दोनदाच जेवते, सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी सातला. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. आज वजन ७६ आहे. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ८.४ वरून ६.७ वर आली. डॉ. श्रीकांत जिचकारांचा हा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवला. यात फी नाही, पावडरचे डबे नाहीत. वजन जास्त असलेल्या प्रत्येक मधुमेही माणसाला पहिल्याच दिवशी हे का सांगत नाहीत? माझी तीन वर्षं वाया गेली याचा राग आहे मला.

औषधदुकान
ताई, तुमचं मनापासून अभिनंदन. पण 'प्रत्येकाला' आणि 'पहिल्याच दिवशी' या दोन शब्दांना माझा ठाम विरोध आहे.

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतले एक काका दुकानात आले. असंच काहीतरी वाचून त्यांनी सकाळची न्याहारी बंद केली होती, जेवण थेट एक वाजता. गोळी मात्र नेहमीसारखी आठला घेतलेली. अकराच्या सुमाराला माझ्यासमोर सुटे पैसे मोजत होते आणि तीच दहाची नोट पुन्हा पुन्हा मोजत होते. सदरा पाठीला चिकटलेला, बोलताना जीभ जड. बोटाला टोचून पाहिलं तर साखर ४६, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी माणूस ओळख द्यायला लागला. हेच स्कूटरवर झालं असतं तर?

त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. मधुमेहाची दुसरी नेहमीची गोळी मेटफॉर्मिन, नुसत्या तिने सहसा असं होत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असताना लांब उपास केला किंवा भात-भाकरी एकदम तोडली तर धोका वेगळा असतो. मीटरवर साखर ठीक दिसते आणि रक्तात आम्ल साठत जातं. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनाने एकही जेवण वगळू नये.

कृष्णाकाठ
मान्य. माझी ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी सुरुवातीलाच बंद केली होती आणि पहिला महिना मी रोज दोनदा साखर तपासत होते. हे वर लिहायला हवं होतं, चूक माझी. पण दोष गोळीच्या मात्रेचा आहे, दोन जेवणांचा नाही. मात्रा कमी करून घ्या आणि जेवणं कमी करा, एवढंच ना?

ग्रामीण_डॉक्टर
एवढंच नाही. दोनदा की सहादा, यावर महाराष्ट्रात फार शक्ती खर्च झाली. दीक्षितांची दोन जेवणं की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं, यावरून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत. मधुमेह मागे हटतो तो मुख्यतः उतरलेल्या किलोंमुळे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासाचे पहिले निकाल २०१७ साली आले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्शुलिन न घेणारे ३०६ लोक. निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचं पातळ अन्न दिलं, मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हेच प्रमाण ८६ टक्के. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी हटली की इन्शुलिनचं काम पुन्हा सुरू होतं. मात्र दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले. वजन परत आलं की आजारही परत येतो.

दोन जेवणांच्या बाजूनेही पुरावा आहे. २०१४ साली प्राग इथल्या अभ्यासात ५४ मधुमेहींना तेवढ्याच कॅलरी कधी दोन जेवणांत, कधी सहा खाण्यांत विभागून दिल्या, प्रत्येकी १२ आठवडे. दोन जेवणांत ३.७ किलो उतरले, सहा खाण्यांत २.३. पण ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. आपल्याकडे दुसरं जेवण रात्री नऊला, टीव्हीसमोर, आणि दिवसभराचा वचपा काढत.

तिसरी_पाळी
तुम्ही सगळे ठरावीक वेळेला घरी जेवणारे आहात म्हणून हे बोलता. मी चाकणला कारखान्यात आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. जेवायची सुट्टी तीस मिनिटं, त्यातली दहा हात धुण्यात आणि रांगेत जातात. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये बटाटावडा, पाव आणि गोड चहा, दुसरं काही नसतं. वजन ९१, मधुमेह सहा वर्षं. डॉक्टर म्हणतात पंधरा किलो उतरवा. कुठल्या वेळेत?

मी एवढंच केलं की घरून डबा न्यायला लागलो. दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी. चहा बिनसाखरेचा. पाळी सुटल्यावर बसने न येता पाऊण तास चालत येतो. पाच महिन्यांत चार किलो. तुमच्या हिशेबात हे बसत नाही, पण माझ्याच्याने हेच होतं.

ग्रामीण_डॉक्टर
दादा, बसतं. ९१ मधले चार किलो म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. पाच टक्क्यांपासूनच साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, यांत फरक दिसायला लागतो. पंधरा किलोंचा आकडा मी गोळ्या सुटण्यासाठी सांगितला, तब्येत सुधारायला तेवढं उतरलंच पाहिजे असं नाही. तो डबा सोडू नका.

तुळशीवृंदावन
माझा मुद्दा वेगळा आहे. घरात जाड असलेल्या बाईला मधुमेह झाला की सगळे तिच्या ताटावर नजर ठेवतात. स्वयंपाक तिने करायचा, शेवटी तिने जेवायचं आणि उरलेला भात टाकवत नाही म्हणून तिनेच खायचा. त्यात एकादशीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे तूप, दाणे आणि पिष्ट, आणि त्याला उपास म्हणायचं. माझ्या जावेने वर्षभर हे सोसलं. भात मोजून लावायला लागलो आणि ती सगळ्यांबरोबर ताटावर बसायला लागली, तेव्हा तिचं वजन हललं.

आणि वजन हाच निकष का? माझी आई ५२ किलोंची होती, तिला मधुमेहाने डोळे गमवावे लागले. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२.

ग्रामीण_डॉक्टर
ताई, म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, २५ पासून लठ्ठपणा. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत बरी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. आणि नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जेवणातली साखर सर्वात जास्त शोषून घेणारे तेच, म्हणून डाळ-अंडं आणि थोडं वजन उचलणं सोडू नये. ताटाबद्दल तुम्ही म्हणता ते मी दवाखान्यात फार कमी वेळा विचारतो. यापुढे विचारेन.

कृष्णाकाठ
दोन जेवणांवरचा माझा विश्वास कायम आहे, मला त्यानेच माणसात आणलं. पण 'पहिल्याच दिवशी' हे शब्द मागे घेते. त्याऐवजी असं वाचा : आधी गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा, मग जेवणाला हात लावा.

तिसरी_पाळी
माझ्या पट्टीवर ग्लिक्लाझाइड लिहिलंय. हे त्या काकांच्या गोळीच्या जातीचं का?

औषधदुकान
हो, त्याच जातीचं. तुमची पाळी दर आठवड्याला बदलते आणि चालणंही वाढलंय, तेव्हा या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा, रात्रपाळीत गोळी कधी आणि किती ते लिहून घ्या. तोवर खिशात साखरेची पुडी ठेवा. आणि शेजारच्या मशीनवाल्याला सांगून ठेवा की तुम्हाला दरदरून घाम फुटला तर काय करायचं.