शब्दचर्चा: गोल सुई, दोन कान आणि मोज्याची टाच

दीड महिन्यापासून मी लांब सुईवर पायमोजे विणायला शिकते आहे. एक जोड पूर्ण झाला, दुसऱ्यातला पहिला मोजा टाचेपर्यंत आला आहे. विणकाम मला मामीने शिकवलं, शाळेत असताना, दोन सरळ सुयांवर. टाके घालणं, सुलट, उलट, टाका उचलणं, टाके बंद करणं, चुकलं की उसवणं, या सगळ्याला तिच्याकडे मराठी शब्द होते आणि ते माझ्या हातांबरोबरच शिकून झाले. मोज्यांची ही पद्धत मात्र मी इंग्रजी चित्रफिती बघून शिकले. परवा धाकट्या मावसबहिणीला शिकवायला बसले तर तोंडून निघालं, "केबलचा लूप राइटला पुल कर आणि फ्रंटचे टाके निट कर." तिला काहीही कळलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं. शब्द नसल्यामुळे मी तिला शिकवू शकले नाही, असं पहिल्यांदाच झालं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मोजा म्हणजे नळी. नळी बिनशिवणीची हवी तर गोल गोल विणावं लागतं. त्याची जुनी रीत चार-पाच आखूड सुयांची, ज्यांना दोन्हीकडे टोक असतं. दुसरी रीत गोल सुईची: दोन आखूड सरळ सुया आणि त्यांना जोडणारी लवचीक केबल. पण मोज्याचा घेर २० सेंटिमीटरच्या आसपास आणि केबल चांगली १०० सेंटिमीटर, मग उरलेल्या लांबीचं करायचं काय? टाके निम्मे निम्मे वाटायचे आणि जादा केबल दोन वाटण्यांच्या मधून बाहेर ओढून ठेवायची. या युक्तीला 'मॅजिक लूप' हे नाव २००२ साली अमेरिकेत निघालेल्या एका छोट्या पुस्तिकेमुळे मिळालं. युक्ती सारा हॉश्का यांची, पुस्तिका बेव्ह गॅलेस्कस यांची.

माझा मुख्य प्रश्न 'लूप'चा आहे. बाहेर ओढलेल्या त्या केबलला काय म्हणावं? दुसरा प्रश्न खुद्द सुईचा. 'गोल सुई' म्हटलं की नवखी मुलगी वाकलेली सुई शोधते. बहिणीने तेच केलं.

नागपूरहून एक प्रतिसाद

आमच्याकडे आई सुई म्हणतच नसे, सलाई म्हणायची. टाक्याला फंदा. शेजारी सगळे हिंदी बोलणारे आणि विणकाम अंगणात उन्हात बसून एकत्र चालायचं, त्यामुळे शब्दही एकत्रच झाले. पण मला सलाई शब्द पटतो. सुईला नेढं असतं, त्यात दोरा ओवतात. विणायच्या सुईला नेढं नाही, ती नुसती सळई आहे. मग 'केबलची सलाई' म्हणा, गोंधळ संपला.

मूळ लेखिका

ताई, नेढ्याचा मुद्दा मला फार आवडला. नेढं हा शब्दच सुंदर आहे, राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या कातळातल्या आरपार भोकालाही आपण नेढं म्हणतो. पण मराठीत सुई व्हायला नेढं लागतंच असं वाटत नाही. डॉक्टर टोचतात तीही सुईच. टोक महत्त्वाचं, भोक नाही. उलट 'सळई' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बांधकामाच्या सळया येतात. तुमच्याकडे सलाई घरात रुळलेला शब्द आहे, तो तुम्ही सोडू नये. मी मात्र सुईवरच राहीन. 'केबलची सुई' हे मात्र घेतलं. दिसतं तेच सांगणारं नाव आहे, 'वर्तुळाकार सुई'सारखं भूमितीच्या वहीतून आलेलं नाही.

टोरांटोहून

लूपला सरळ 'फास' म्हणा. सरकगाठीला आपण सरफास म्हणतोच, आणि टाके घालताना पहिली गाठ तीच असते.

मूळ लेखिका

फास नको. फास आवळतो, आणि ही केबल तर मोकळी राहायला हवी, आवळली की पद्धतच संपली. शिवाय त्या शब्दाभोवती जे आहे ते लहान मुलीला शिकवताना मला नको आहे. 'वेढा'ही मनात आला होता, पण वेढा कशाभोवती तरी पडतो. ही केबल कशाभोवतीच नाही, नुसती बाजूला निघालेली आहे.

रविवारी मामीकडे गेले आणि विणता विणता तिला दाखवलं. तिने सुई हातात न घेता बराच वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, याला दोन्हीकडे कान आलेत." पिशवीला कान, कढईला कान, तसे. आणि खरोखर, विणताना डावीकडे एक कान असतो, जिथे टाक्यांच्या दोन वाटण्या होतात, आणि उजवीकडे दुसरा, जिथून विणणारी सुई बाहेर काढलेली असते. मी दीड महिना 'लूप' म्हणत होते, एकवचनात, आणि म्हणूनच माझा गोंधळ होत होता. सुरुवातीला माझा डावीकडचा वळसा सारखा आत ओढला जायचा आणि मग पुढचे-मागचे टाके एका रांगेत येऊन सुई वळेनाशी व्हायची. 'दोन्ही कान बाहेर आहेत का?' हा प्रश्न मनाशी विचारायला लागल्यापासून ती चूक एकदाही झाली नाही. बहिणीला फोनवर एवढंच सांगितलं, "एक कान आत गेला तर थांब." तिला लगेच कळलं. पद्धतीचं नाव मॅजिक लूप राहू दे, ते विशेषनाम आहे. पण रोज हाताला लागतो तो कान.

बेळगावहून

कान उत्तम. आता ओळ आणि फेरी यांचं बघा. माझी सून दोन्हीला 'लाइन' म्हणते आणि नमुना वाचताना फसते.

मूळ लेखिका

काकू, हा फरक तर अर्थाचाच आहे. ओळ जाते आणि परत येते, फेरी पुढेच जात राहते. सरळ सुयांवर साधी वीण हवी तर एक ओळ सुलट, पुढची उलट, कारण कापड दर ओळीला पालटतं आणि आपण त्याच्या पाठीकडून विणतो. फेरीत कापड पालटतच नाही. तोंड कायम आपल्याकडे, म्हणून सगळ्या फेऱ्या सुलटच. मामीने आयुष्यभर 'एक ओळ सुलट, एक ओळ उलट' केलेलं, तिला हे पटेना. ती म्हणाली, "उलट कुठे गेलं मग?" उलट मोज्याच्या आत आहे, काकू. मोजा पालटून बघितला की सगळे उलट टाके तिथे सापडतात. टाका एकच, सुलट आणि उलट या त्याच्या दोन बाजू आहेत, हे मला शब्दावरून आधीच कळायला हवं होतं.

आणि गंमत म्हणजे एकाच मोज्यात दोन्ही येतं. पायाची नळी फेऱ्यांनी, पण टाचेमागची पट्टी ओळींनी. माझ्या मोज्यात ६४ टाके आहेत, त्यातले ३२ टाचेसाठी घेऊन त्यावर ३२ ओळी जा-ये करायच्या. बाकीचे ३२ केबलवर निजलेले असतात. म्हणून 'फेरी' आणि 'ओळ' हे दोन शब्द वेगळे ठेवलेच पाहिजेत. नमुन्यात ओळीऐवजी फेरी लिहिलं तर टाच होतच नाही.

नागपूरहून, पुन्हा

टाच म्हणजे शरीराचा भाग, मोज्याच्या भागालाही तेच का? इंग्रजीतही तसंच आहे म्हणून विचारते.

मूळ लेखिका

तेच. आपण सदऱ्याच्या बाहीलाही बाहीच म्हणतो, गळ्याला गळा. शरीराचा शब्द कपड्याला देणं मराठीत जुनं आहे. मोज्यात तर पायाचे सगळे शब्द वापरता येतात: पोटरी, घोटा, टाच, तळवा, चवडा. 'चवडा' तर मला हवाच होता, कारण बोटांकडे टाके कमी करायला कुठून लागायचं ते चवड्यावरूनच ठरतं. शिवाय 'टाचणे' म्हणजे तात्पुरते मोठे टाके घालणे, म्हणजे हा शब्द शिवणाच्या घरातही आहे.

'मोजा' स्वतः फारसीतून आला, तिथे 'मोज़ा' म्हणजे बूट. आपल्याकडे येता येता बूट बाहेर राहिला आणि आतला राहिला तो मोजा. हातालाही तोच दिला, म्हणून पायमोजे आणि हातमोजे.

टोरांटोहून

टाच वळवून, म्हणजे पट्टीच्या टोकाला टाके कमी करत खोलगट आकार देऊन, झाली की पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलतो, तिथे त्रिकोण येतो. इंग्रजीत गसेट. याला शब्द आहे का?

मूळ लेखिका

शिंप्याकडे आहे. कळी. कळीदार कुर्ता, कळ्यांचा परकर. कापडाला घेर द्यायला घातलेला, एकीकडे निमुळता होणारा तुकडा. मोज्यातला त्रिकोण कापून जोडलेला नसतो, टाके कमी करत करत विणलेला असतो, एवढाच फरक. पण काम तेच: पाऊल जिथे जाड आहे तिथे जागा द्यायची आणि हळूहळू काढून घ्यायची. माझा हिशेब सांगते. टाच वळवल्यावर ३२ पैकी १८ टाके उरतात, दोन्ही कडांचे १६-१६ उचलले, पायावरचे निजलेले ३२, एकूण ८२. पुन्हा ६४ वर यायचं तर १८ कमी करायचे, एका आड एक फेरीत दोन-दोन. म्हणजे १८ फेऱ्यांत कळी मिटते. 'कळी मिटते' असं लिहिताना मला फार बरं वाटलं.

बेळगावहून

दोन वाटण्यांच्या मध्ये माझ्या सुनेच्या मोज्याला उभी रेघ दिसते, शिडीसारखी.

मूळ लेखिका

इंग्रजीत तिला शिडीच म्हणतात. मला 'विरळ रेघ' जास्त जवळचं वाटतं. कापडाला आपण विरळ म्हणतो, जुनं झालं की विरलं म्हणतो, तोच डोळा इथे लागतो. एका वाटणीचा शेवटचा टाका आणि दुसरीचा पहिला यांच्यामधली लोकर सैल पडते म्हणून ती रेघ येते. पहिला टाका विणल्यावर दुसरा विणायच्या आधी लोकर ताणून घ्या. काकू, सुनेला हेही सांगा की केबल घडी पडलेली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्यावी. ताठ केबल टाके ओढते.

आणि सुईचा क्रमांक पाहून घ्या. आपल्याकडच्या दुकानात अजून जुने इंग्लंडचे क्रमांक चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १४ नंबर म्हणजे दोन. अमेरिकन क्रमांक उलटा चालतो, आकडा वाढला की सुई जाड. मी आता नंबर सोडून फक्त मिलिमीटर सांगते. मोज्यांना अडीचच्या आसपास.

टोरांटोहून

शेवटचा शब्द. बोटांकडचे टाके बंद न करता समोरासमोर ठेवून दाभणासारख्या जाड पण बोथट सुईने जोडतो तो किचनर स्टिच.

मूळ लेखिका

त्यात स्वयंपाकघर नाही हे आधी सांगते, कारण मलाही तसंच वाटलं होतं. ते नाव लॉर्ड किचनर यांचं, जे १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. आपल्या मोज्याच्या टोकाला त्यांचं नाव कशाला? मी 'रफू'चा विचार केला होता, पण रफू फाटल्यावर करतात. इथे काही फाटलेलं नाही, दोन धडधाकट कडा एकमेकींत मिळवायच्या आहेत. म्हणून 'सांधणे'. हाडं सांधतात, तसे टाके. आणि या कामाच्या सुईला मात्र नेढं असतं, नागपूरच्या ताईंसाठी मुद्दाम लिहिते.

काल रात्री बहिणीला हे लिहून पाठवलं: "६४ टाके घाल. ३२ पुढे, ३२ मागे, दोन्ही कान बाहेर. दोन सुलट दोन उलट अशा १५ फेऱ्या, मग पोटरीभर नुसतं सुलट. टाचेला पुढचे ३२ निजू दे, मागच्या ३२ वर ३२ ओळी. टाच वळव, कडा उचल, कळी मिटेपर्यंत एक फेरी सोडून कमी कर. चवड्याला पोचलीस की फोन कर, सांधायला मी येते."

सकाळी तिने फोटो पाठवला. १५ फेऱ्या झाल्यात, आणि दोन्ही कान बाहेर आहेत.