ताऱ्यांसाठी फुलफ्रेम कॅमेरा घ्यावा का?

धागाकर्ता, इंदूर: मार्चमध्ये पहाटे चार वाजता इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या माथ्यावरून मी वृश्चिकेची छायाचित्रे घेतली. कॅमेरा ए.पी.एस.-सी. म्हणजे लहान आकाराच्या संवेदकाचा (सेन्सरचा) आणि लेन्स त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीचीच होती. घरी मोठे करून पाहिले, तर कोपऱ्यांतले तारे पंख पसरलेल्या चिलटांसारखे दिसत होते आणि काळोख्या भागात रंगीत कण सांडलेले होते. फुलफ्रेमचा ३६ × २४ मिमीचा संवेदक क्षेत्रफळाने दुपटीहून मोठा असल्यामुळे आता तोच घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

पहिले उत्तर: असहमत. ती चिलटे लेन्सच्या कोमा दोषाची आहेत, म्हणजे कडेचे ठिपके शेपटीसारखे पसरवणाऱ्या दोषाची; कॅमेरा बदलून ती उडणार नाहीत. शिवाय ही लेन्स फुलफ्रेमला पुरत नाही, कडा काळ्या पडतात, म्हणजे नवी लेन्स घेणे आलेच. आकाश तासाला १५ अंश सरकते. त्यामुळे १८ मिमीवर तारे रेघांसारखे ओढले जाण्याआधी आपल्याला जेमतेम १८ सेकंद मिळतात, पण त्याच कॅमेऱ्याखाली ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरवणारे यंत्र, लावला तर दोन मिनिटे सहज मिळतील आणि कणही आपोआप दबतील.

दुसरे उत्तर: ट्रॅकर ध्रुवताऱ्याशी जुळवावा लागतो, हे वरच्या उत्तरात राहून गेले. ध्रुवतारा अक्षांशाइतकाच वर असतो, म्हणजे आपल्याकडे क्षितिजापासून पावणेतेवीस अंशांवर, आणि जानापावहून त्याच अंगाला पीथमपूर, महू, इंदूरचा उजेड. आकाशगंगेचा गाभा संध्याकाळी दिसतो तेव्हा माळव्यावर पावसाळी ढग असतात, त्यामुळे फेब्रुवारी ते मेमधल्या मोजक्या चंद्रहीन पहाटाच हाती उरतात. त्यातला अर्धा तास स्क्रू पिळण्यात घालवायचा, आणि वर समोरचे झाड हललेले यायचे! मी धागाकर्त्यांच्याच बाजूचा आहे.

तिसरे उत्तर: तेजोमेघांचा, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायुढगांचा, लाल रंग हवा असेल, तर साधा फुलफ्रेमही पुरेसा नाही. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश संवेदकापुढची गाळणीच बराचसा अडवते. म्हणून तर निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए हा खास खगोल छायाचित्रणासाठी काढला.

धागाकर्ता: मला तेजोमेघ नकोत, डोंगरासकट आकाश हवे आहे, म्हणून ट्रॅकर तूर्त बाजूला ठेवतो. कोम्याचा मुद्दा मात्र मान्य. येत्या अमावस्येला एक चांगली वाइड लेन्स भाड्याने आणून जुन्याच कॅमेऱ्यावर लावीन आणि कोपरे तपासूनच पैशांचे ठरवीन.